जाताना बुजवलेली फट

“आपल्या संगणकात काल कोणीतरी शिरलं होतं!” संचालकांचा फोन आला आणि राइली तडक संस्थेत पोहोचली.

फिनलंडमधल्या ओउलू शहराच्या या पक्षी-संशोधन संस्थेत सगळ्यांचा एकच मोठा संगणक. ज्याला त्याला आपला कप्पा. सगळे कप्पे उघडण्याचा अधिकार एकट्या राइलीचा. कोणीतरी साध्या खात्यातून आत येऊन, संगणकाच्या कार्यप्रणालीतल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधल्या, एका फटीतून तो अधिकार बळकावला होता.

दुपारी ती ओस्मोच्या घरी गेली. तिच्याआधी हे काम तोच पाहायचा. निवृत्तीनंतरही साधं खातं त्याच्याकडे होतं.

“काय गेलं?” त्याने विचारलं.

“फक्त हिल्क्काच्या कप्प्याची प्रत.”

संस्थेसाठी पाखरांचे आवाज टिपणारी हिल्क्का हिवाळ्यात वारली होती. नियमाप्रमाणे तिचा कप्पा उद्या कायमचा पुसला जाणार होता.

“आणि चोराने जाताना ती फट बुजवली,” राइली म्हणाली.

ओस्मोने नुसती मान डोलावली.

“कशी बुजवली, विचारणार नाही? एरवी तुम्ही माझं डोकं खाल्लं असतं.”

“तूच सांग.”

“ही फट अजून जगजाहीर नाही. कार्यप्रणाली बनवणाऱ्यांना विचारलं. म्हणाले, एकाने गुपचूप कळवली, सोबत इलाजही पाठवला; तो आम्ही अजून कोणालाच दिलेला नाही. आपल्याकडे बसवलेला इलाज ओळ न् ओळ तोच निघाला. म्हणजे कळवणारा आणि चोर एकच. चोर कधी दाराला कडी घालून जातो का, ओस्मो? फट उघडी टाकून तुम्हाला चैन पडलं नसतं. मलाही तुम्हीच तशी खोड लावलीत. रीतसर मागायचं होतं ना.”

“मागितलं. नातेवाईक आहात का, म्हणाले. कागदावर आम्ही एकमेकांचे कोणीच नव्हतो गं. पाखरांचा आवाज टिपण्याआधी ती दोन शब्द बोलायची. तिचा तेवढाच आवाज उरलाय.”

“मला हे संचालकांना कळवावं लागेल. प्रतही न्यावी लागेल.”

“न्यायलाच हवी. नाही नेलीस तर मीच तुझी तक्रार करीन.” त्याने डिस्क पुढे सरकवली.

“ऐकलंत?”

“कुठलं! इलाज नीट बसला का, तेच तपासत बसलो.”

राइलीने डिस्कला हात लावला नाही. “मी कॉफी ठेवते. तोवर ऐका.”

स्वयंपाकघरात तिला आधी वारा ऐकू आला. मग हिल्क्काचा दबका, हसरा आवाज: “ओस्मो, खोकू नकोस रे, क्रौंच उडून जातील.”

बाहेरच्या खोलीत ओस्मो ओक्साबोक्शी रडत होता. राइलीने कॉफी उकळू दिली.