निळ्या पाण्यावर ऊन

वालूरहून परभणीकडं निघालेली सकाळची एसटी. राजेश्रीच्या शेजारच्या सीटवर एक तरुण येऊन बसला. मांडीवर दुधाच्या किटलीएवढा जाड जार, आणि तो उपरण्यानं पोटाशी असा बांधलेला की जणू तान्हं लेकरूच. खड्ड्यात गाडीला गचका बसला, झाकण हललं आणि आतून पांढराशुभ्र धूर ओघळला.

"आगं माय!" मागची म्हातारी ओरडली. "काय हाय रं त्याच्यात?"

"बैल हायेत, आजी. लाल कंधारी हाय, गीरबी हाय."

"डब्यात बैल?"

"थंड करून ठिवलेत."

"मग बैलांचं तिकीट कोण काढायचं?" कंडक्टरनं विचारलं आणि सगळी गाडी हसली.

राजेश्री मात्र हसली नाही. ती त्या धुराकडं बघत राहिली... तहानलेल्यानं रांजणाकडं बघावं तशी.

"नायट्रोजन हाय ना हा?"

तरुणानं मान वळवली. त्याचं नाव हरिओम. गावोगाव फिरून गाई भरवायचं त्याचं काम. त्यासाठी लागणाऱ्या बैलांच्या वीर्याच्या कांड्या या गार जारात जपायच्या. मोटरसायकल गॅरेजात, म्हणून आज एसटी. इतक्या वर्षांत जारातल्या बैलांची चौकशी सगळ्यांनी केली होती, धुराची कुणीच नाही.

"व्हय. तुमाला पाहिजे का काय?"

"पाहिजे."

"कंधारी का गीर?"

"नुसता धूर," ती म्हणाली आणि आता मात्र तिला हसू फुटलं. हरिओमला वाटलं, गाडी उगंच एवढी पळायलीय.

मग सोयाबीनच्या शेतांमधून जाता जाता तिनं सांगितलं. परभणीच्या कॉलेजात तिचं संशोधन चालू होतं. मधासारखं दाट एक पॉलिमर, त्यात टायटॅनियमचं संयुग मिसळायचं आणि हवा लागू न देता भट्टीत तापवायचं. तापता तापता त्याचं सिरॅमिक होतं, आणि त्याच्या पोटात डोळ्याला न दिसणारे बारीक कण तयार होतात.

"आन् त्या कणांचं काय करायचं?"

"उन्हात ते पाण्यातला रंग तोडतात. कापडं रंगवून सोडलेलं घाण पाणी... नुसत्या उन्हावर साफ!"

"म्हंजी मातीबिगर खापर."

"आन् कामाचं खापर," ती म्हणाली. मग आवाज खाली आला. हवा बाहेर ठेवायला नायट्रोजन लागायचा, आणि सिलिंडर काही येत नव्हतं. दमट हवेनं शेवटच्या बाटलीतलं पॉलिमर घट्ट होत चाललं होतं. तिच्या गाईड पंडित सरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं — शनिवारच्या चाचणीत पाण्याचा रंग गेला नाही, तर हा विषय बंद. दोन वर्षांचं सगळं पाण्यात.

हरिओमनं मांडीवरचा जार सावरला. "माझ्यापाशी एक जास्तीचा जार हाय. त्यात बैल न्हाईत. उद्या आणू?"

"लय उपकार होतील..."

"उपकार कशाचे? तसाबी उडूनच जातो तो."

जार आला. त्यातून उठणारा वायू नळीनं भट्टीत जाऊ लागला, दुसऱ्या टोकाला पाण्यात बुडबुडे येऊ लागले. बाटलीतलं पॉलिमर थोडं थोडं भाजून निघत होतं, आणि गाई उरकून हरिओम रोज दारात हजर.

"रोज काय बघायला येता?"

"जार एकटा हाय ना हितं. करमत नसंल त्याला."

"जाराला?"

"...जारालाच की."

शुक्रवारी भट्टीतून काळी चकचकीत खापरं निघाली. राजेश्रीनं ती खलून भुकटी केली. शनिवारी सकाळी कापडाच्या रंगाचं निळं पाणी काचेच्या भांड्यात घेऊन, त्यात भुकटी टाकून गच्चीवर ठेवलं. आश्विनातलं ऊन चांगलंच तापलं होतं. खाली पोरांचं प्रॅक्टिकल होतं, म्हणून ती हरिओमला म्हणाली, "जरा लक्ष ठेवा. अधूनमधून काडीनं हलवा."

ती दुपार कलताना वर आली... आणि जिन्यातच थबकली. पाणी निळंच. जसंच्या तसं निळं.

तिनं कठडा धरला. "गेलं सगळं."

"आसं कसं जाईल? म्या डोळ्यात तेल घालून जपलंय," हरिओम म्हणाला. "ऊन लागाया लागलं, तवा लगीच टाकीच्या सावलीला घेतलं. वरून ओलं उपरणं टाकलं, ते आत्ता काढलं. हलवलंबी."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. कांड्यांना उन्हाची तिरीपही लागू द्यायची नाही, हे या माणसाच्या हातात इतकं भिनलेलं, की त्यानं तिचा सूर्यच झाकून ठेवला होता! रडावं का हसावं... दोन्ही एकदमच आलं.

"अहो, ऊनच तर पाहिजे होतं त्याला!"

हरिओमचा चेहरा पार उतरला. तिनं भांडं उचलून कठड्याशी नेलं. पण सूर्य शेजारच्या इमारतीकडं झुकलेला, उरलं होतं हातभर ऊन.

*उतरलं ऊन बाई, गच्चीच्या गं कोनाला,*
*किती घालू समजूत, माझ्या वेडीच्या मनाला...*

हरिओम धडाधड जिना उतरला. परतला तेव्हा हातात गॅरेजातून परत आलेल्या मोटरसायकलचे दोन्ही आरसे. कोपऱ्यातलं ऊन त्यानं आरशांत धरलं आणि भांड्यावर टाकलं. निळं पाणी लखलखलं.

"आता हलू नका," ती काडी फिरवत म्हणाली.

"न्हाई हलत."

घटकाभरानं ती म्हणाली, "मग ऊन का थरथरायलंय?"

"तुमी आसं बघायल्यावर... आरशाचा काय दोष?"

तिनं खाली बघितलं. पाणी आता आभाळाएवढंच निळं उरलं होतं, आणि तेही बघता बघता फिकट होत होतं.

"राजेश्रीबाई..."

"बोला. पण हलू नका."

"सोमवारी जार घिऊन जाईन मी. मग... कोणतं निमित्त काढून येऊ?"

काडी थांबली. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि पंडित सर वर आले. त्यांनी भांडं उचलून उजेडात धरलं. भुकटी हळूहळू तळाला बसली; वर नितळ पाणी.

"रंग गेला खरा," ते म्हणाले, "पण उन्हानंच गेला कशावरून? भुकटीनं नुसता शोषून घेतला असेल."

राजेश्री क्षणभर गोंधळली... आणि मग तिचे डोळे उजळले. "सर, दुपारपर्यंत हीच भुकटी, हेच पाणी सावलीत होतं. काडीनं हलवतसुद्धा होते. रंग जराही गेला नाही. ऊन पडलं, तेव्हाच उतरला."

"सावलीत? हे सुचलं कुणाला?"

तिनं आरसेवाल्याकडं बोट केलं. आरसेवाला घामानं डबडबलेला.

"शाबास! आता हेच परत, दोन भांडी शेजारी ठेवून करा. एक उन्हात, एक सावलीत. विषय चालू ठेवा." सर जिन्याकडं वळले, जाता जाता म्हणाले, "पाण्याचा रंग उडाला, अन् तुम्हा दोघांच्या तोंडावर कसा काय चढला?"

गच्चीवर दोघंच उरली. हरिओमचे हात अजून वरच, अवघडलेले. राजेश्रीनं त्याच्या हातातले आरसे एकेक करून काढून घेतले.

"आता निमित्त कशाला पाहिजे?" ती हळूच म्हणाली. "असाच ये."