दोन दोष शिल्लक

कॉफीच्या यंत्रापुढे ती उभी होती आणि यंत्र तिला दाद देत नव्हतं. बटण दाबलं की घुर्र करायचं, कप मात्र कोरडाच.

"त्याला डाव्या कुशीत एक चापट लागते," मागून तो म्हणाला.

तिनं मारली. कॉफी आली. मग ती वळली... नाकावर घसरलेला चष्मा, भिवई जराशी वर, आणि ओठांच्या कोपऱ्यात असं हसू, की आपण अजून एकही विनोद केला नाही याची त्याला लाज वाटली.

"इथे शून्यराव कोण हो?"

त्याला ठसका लागला. शून्यराव म्हणजे तोच. आठ महिन्यांपूर्वी ऑफिसात सुरक्षातपासणीचं एक हत्यार आलं. दिसायला काहीच नाही. काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की ते प्रोजेक्टच्या फायली हुंगत फिरतं आणि कुठे उघड्यावर ठेवलेला पासवर्ड, कुठे भोकं पडलेला जुना कोड, अशी दोषांची यादी पुढ्यात आणून टाकतं. बाकी शाखांत दोष हजारांनी निघाले. इथे मात्र यानं ते हत्यार बसवल्यापासून रोज सकाळी एकच आकडा: शून्य. साहेबांनी पहिला अहवाल चौकटीत बसवून खुर्चीमागे टांगला. सुट्टीच्या दिवशी तो पुसायला ते खास येत, असं म्हणतात. घरून मऊ फडकं आणत, असंही म्हणतात.

"शून्यराव? मोठा माणूस," तो म्हणाला. "सहसा भेटत नाही."

"गर्विष्ठ असेल."

"छे हो. दिसायलाही बरा आहे."

"मग तुम्ही नव्हे," ती घोट घेत म्हणाली आणि निघून गेली.

दहा मिनिटांनी ती स्वतःच खुर्ची ओढून त्याच्या टेबलाशी बसली. हेड ऑफिसची तपासनीस. एका दिवसासाठी आली होती. शून्याचं गुपित शिकायचं आणि चाळीस प्रोजेक्टांत तसंच्या तसं बसवायचं.

"खोटं बोललात," ती म्हणाली.

"कुठलं? दिसायला बरा, ते?"

"ते तपासायचंय अजून. आधी सेटिंगची फाईल उघडा."

फाईल नऊ ओळींची. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. कोणता फोल्डर तपासायचा, ते तिथे लिहिलेलं असतं. "हा फोल्डर कसला?"

त्यानं पाहिलं आणि त्याच्या कानशिलावरून घाम उतरला. तो फोल्डर होता हत्याराचे स्वतःचे अहवाल ठेवायचा. पहिल्या दिवशी चाचणीपुरता त्यानं तिथे लिहिला होता, बदलायचा राहून गेला होता. म्हणजे हत्यार रोज सकाळी आपलाच कालचा अहवाल उघडायचं, 'शून्य दोष' वाचायचं, त्यात वावगं काहीच न सापडून नवा 'शून्य दोष' लिहायचं. प्रोजेक्टकडे त्यानं आठ महिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"आरशात बघून स्वतःलाच शाबासकी," ती म्हणाली आणि अशी हसली, की चष्मा की-बोर्डवर पडला.

त्यानं ओळ सुधारली, हुकूम दिला. यादी धावत सुटली. काळी खिडकी अक्षरांनी पांढरी झाली, आतला पंखा असा घोंघावला की पलीकडच्या टेबलावरच्यानं वादळ समजून खिडक्या लावून घेतल्या. एक हजार तीनशे बारा दोष.

"साहेबांना मी सांगू की तुम्ही?"

"मीच. घोळ माझा आहे."

ती त्याच्याकडे कामापेक्षा दोन क्षण जास्त बघत राहिली. त्या दोन क्षणांत गडी गारद.

साहेबांनी चौकट भिंतीकडे तोंड करून टांगली आणि हेड ऑफिसला फोन लावला: आकडा खराखुरा शून्य होईपर्यंत बाई इथेच राहतील. शून्यरावांची आठ महिन्यांची अब्रू गेली होती. आणि तरी शून्यरावांना गुदगुल्या होत होत्या.

मग दोन खुर्च्या, एक पडदा. ती दोष वाचायची, तो दुरुस्त करायचा.

"हे कुणी लिहिलंय?" ती विचारायची.

"मी. पण तेव्हा लहान होतो."

"मागच्या वर्षी?"

"मी उशिरा मोठा झालो."

घरी आईनं इस्त्रीकडे बघत विचारलं, "रोज नवा शर्ट? काय चाललंय काय ऑफिसात?"

"तेराशे दोष निघालेत, आई."

"दिसायला कशी आहे?"

आकडा उतरत गेला. नऊशे, चारशे, साठ. बाईंची नजर सोनाराची. एक दोष मिटला की ती टिचकी वाजवायची, आणि हा उरलेले मोजायचा. शून्य आलं की ती जाणार. साधा हिशेब... आणि तो काही केल्या चुकत नव्हता.

उरला एक. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आपल्या नायकानं पाप केलं. नमुन्यांचा एक फोल्डर असतो, तो ऑफिसबाहेर कधीच जात नाही. त्यातल्या एका फायलीत त्यानं एक खोटा पासवर्ड लिहून ठेवला. खरा-खोटा हत्याराला काय कळणार? खरा शेवटचा दोष संध्याकाळी मिटला, तरी सकाळी अहवाल आला: एक.

"अरेच्चा, हा कुठून आला?" म्हणत तिनं तो मिटवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असे सहा दिवस.

"हा शेवटचा दोष फार चिवट दिसतो," साहेब म्हणाले.

"मुरलेला आहे, साहेब," तो म्हणाला.

"मुळापासून काढावा लागेल," मान वर न करता ती म्हणाली.

सातव्या सकाळी आकडा आला: दोन.

त्याचा चेहराच उतरला. एक आपला. दुसरा कुणाचा? खरंच कुणी चोर घुसला असेल तर? प्रोजेक्टमध्ये कुठली ओळ कुणी कधी लिहिली, याची नोंद राहते. ती त्यानं उघडली. दुसरा खोटा पासवर्ड, शेजारच्याच फायलीत, काल पावणेसहाला. लिहिणारी: तपासनीस. आणि त्याच्या खाली, ढळढळीत, सातही दिवस त्याचं स्वतःचं नाव. प्रेमात माणूस आंधळा होतो, ठीक आहे. हा तर सही करून चोरी करत होता.

मागे कॉफीचा वास आला. "सापडला का चोर?"

"तुम्हाला... केव्हापासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. वाचायचाच पगार घेते मी."

"मग काल तुम्ही का...?"

तिनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "काल तुम्ही आईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला चारलाच गेलात. म्हटलं, गडबडीत आज विसरले वाटतं. आणि मग — आकडा शून्य आला असता ना."

"मी दुपारीच टाकून ठेवला होता."

"सांगायचं तरी."

मग ती हळूच म्हणाली, "थांब म्हणायचं असेल, तर माणसानं तोंडानं म्हणावं."

त्यानं घसा खाकरला. पुन्हा खाकरला. "थांब."

"अहो, एकदम अरे-तुरे?"

"सात दिवस पाठ केलंय. अहो-जाहो घालून म्हणता येत नव्हतं."

तिनं चष्मा वर सारला, पण हसू काही झाकलं नाही. आपापली ओळ ज्यानं-त्यानं पुसली. तिनं हुकूम टाइप केला, बटण त्यानं दाबलं. शून्य, आणि खरं.

साहेब आनंदानं धावत आले. "बाई, जिंकलात. उद्याचं तिकीट काढायला सांगू?"

"सांगा. दोन."

"दोन?"

"माझे बाबा माझ्याहून कडक तपासनीस आहेत. यांना एकदा त्यांच्यापुढे बसवायचंय. रविवारी परत येतो आम्ही."

साहेबांनी शून्यरावांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आणि दोष निघाले तर?"

"ढिगानं निघतील, साहेब," ती म्हणाली. "म्हणून तर थांबतेय."