आता मी ऐकते

या, बसा. नाही, त्या स्टुलावर नको, इकडे माझ्या उजव्या हाताला बसा. डावीकडची जागा मी मोकळी ठेवते. का ते सांगते, आपल्याला कुठे घाई आहे? लाईट गेलीय म्हणजे मशीन बंद, आणि मशीन बंद तर तुम्हाला खोलीचा चार्ज काय देणार, कपाळ! या बॅटरीच्या दिव्यावर भागवू. बाहेर अजून लख्ख ऊन असेल, पण या खोलीला खिडकीच नाही. इथे कायम तिन्हीसांज.

सव्वीस वर्षं मी इथे कान तपासतेय. पोरंटोरं मला कानबाई म्हणतात, आणि मलाही आता कोणी खऱ्या नावानं हाक मारली तर दोनदा मारावी लागते. तुमचं शिक्षण झालंय, तुम्हाला नव्यानं काय सांगायचं. ही पेटी, आतून फोमचं अस्तर, जाड दार. पेशंट आत बसतो, हेडफोन लावतो, हातात बटण धरतो. आपण या काचेतून त्याच्याकडे बघत बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की तो बटण दाबतो आणि टेबलावर हा लाल दिवा लागतो. एवढाच धंदा. दार लावलं की आत इतकं शांत होतं, की माणसाला स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. काही जण घाबरून दार ठोठावतात. मला मात्र ती शांतता आवडायची. डबा खाल्ला की मी रोज दहा मिनिटं आत जाऊन बसायचे.

तर चार वर्षांपूर्वी, अशाच एका दुपारी, एक काकू नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला घेऊन आल्या. काका फौजेतले, हे सांगावं लागलं नाही. सत्तरीच्या घरात आलेला माणूस, पण पाठ सरळ आणि बुटांत तोंड दिसेल अशी पॉलिश. मी फाइल पाहिली. एकतीस वर्षांपूर्वी स्फोटात डावा कान गेलेला. उजवा वयाच्या मानानं ठणठणीत. आणि काकांनी कापसाचा हा एवढा बोळा त्या ठणठणीत कानात कोंबलेला.

"चांगल्या कानात कापूस?" मी विचारलं.

"तेच तर विचारायला आणलंय," काकू म्हणाल्या. "मला एकतीस वर्षांत सांगितलं नाही. तुम्हाला सांगतात का बघा."

काका शांतपणे भिंतीवरच्या तक्त्यातला कानाचा आतला भाग बघत उभे होते. काकूंनी मला बाजूला घेतलं.

"आमच्या घरात हाक मारत नाहीत हो, पाय आपटतात. फरशी हलली की हे वळून बघतात. मुलगी चार वर्षांची होती, तेव्हापासून पाय आपटूनच बोलावते बापाला. 'बाबा' म्हणायची सवयच मोडली तिची. आता ती लांब राहते, फोनवर यांच्याशी काय बोलणार? ते जाऊ दे. मागच्या महिन्यात मी बाथरूममध्ये पडले. दोन तास हाका मारत होते. हे भिंतीपलीकडे खुर्चीत बसलेले. जागे! पडलेल्या माणसानं पाय आपटायचे कसे, सांगा ना?"

हे सगळं त्यांनी हसत हसत सांगितलं, पण शेवटी आवाज चिरकलाच. डॉक्टरांनी त्यांना हृदयाची झडप खराब असल्याचं सांगितलं होतं. पुढच्या वेळी पडल्या आणि काकांना ऐकू गेलं नाही, तर उठायचं राहूनच जाणार, हे त्या माउलीला स्वच्छ कळत होतं. मी त्यांना बाहेर बाकावर बसवलं आणि काकांना पेटीत.

कापूस काढायला लावून उजवा कान तपासला. मग डावा. डावा तपासताना उजव्याला मदत करू द्यायची नाही, म्हणून त्याच्यात मी सूं करणारा आवाज भरला आणि ऐकू आलेल्या आवाजांची रेघ कागदावर काढत गेले. डाव्या कानाची रेघ तिरकी खाली आली, मध्ये एक खळगा, आणि मग काही नाही. मशीनची ताकद संपेपर्यंत आवाज वाढवला, तरी काका ढिम्म. कान मेला होता. मी सगळं बंद केलं आणि मान खाली घालून लिहायला लागले.

आणि लाल दिवा लागला.

तसं पुष्कळ लोक घाबरून उगीच बटण दाबतात. मी लक्ष दिलं नाही. पण तो पुन्हा लागला. थोडा वेळ... जास्त वेळ... पुन्हा थोडा. मी वर पाहिलं. काका बटणावर अंगठा ठेवून बसले होते आणि त्यांची मान डावीकडे किंचित कलली होती. जिवलग माणूस फोनवर बोलत असलं की आपला चेहरा कसा होतो, तसा त्यांचा झाला होता. मी डाव्या हेडफोनची पिन मशीनमधून काढून टाकली. तरी दिवा चालूच. तारघरात पूर्वी चालायचं ना, कट्ट, कडकट्ट, अगदी तसं. कुठूनतरी जळक्या वायरचा वास यायला लागला. मी मशीनला हात लावून पाहिला, मशीन गार होतं. काय करावं सुचेना, तेव्हा मी फाइलच्या कडेला त्या लांब-आखूड रेघा उतरवून घेतल्या.

काका बाहेर आल्यावर मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "हे काय?"

त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं.

"हे माझं उत्तर," ते हळूच म्हणाले. "ऐकतोय... असं."

"कोणाला?"

मग त्यांनी सांगितलं. जे बायकोला एकतीस वर्षांत सांगितलं नाही, ते एका परक्या बाईला पाच मिनिटांत. होतं असं, परक्याजवळ माणूस मोकळा होतो. काका वायरलेसवर होते, त्याच कट्ट-कडकट्टच्या भाषेत बोलायचे, आणि पुढच्या चौकीवर त्यांचा जोडीदार. बडबड्या म्हणायचे त्याला. सेटवरसुद्धा त्याचं तोंड बंद नसायचं, वरिष्ठांच्या शिव्या खायचा.

"त्या दिवशी हेडफोन डाव्या कानाला होता. तो मला म्हणाला, थांब, परत बोलतो. आणि मग... दोन्हीकडे एकदमच गोळे पडले."

"आणि तो?"

"चौकीच राहिली नाही." काकांनी कागदाची घडी घातली. "सेट उघडा टाकून उठायचं नसतं, बाई. एक तर समोरच्यानं संपलं म्हणायचं. नाहीतर दुसऱ्यानं येऊन हेडफोन कानाला लावायचा आणि म्हणायचं, आता मी ऐकतो. मला कोणी म्हटलंच नाही. मला तसंच उचलून नेलं."

"आणि तो... अजून बोलतो?"

"रोज. फार हळू असतो. घरात भांडं पडलं तरी सुटतो. म्हणून हा कापूस."

"काय म्हणतो?"

"तेच. थांब."

खरं सांगू? मला भीती वाटायच्या आधी राग आला. मी म्हटलं, "काका, काकू दोन तास जमिनीवर पडून होत्या."

"माहीत आहे. त्या दिवसापासून घास उतरत नाही." त्यांचे डोळे भरून आले. "पण मी उठलो तर त्याच्याकडे कोण आहे?"

उघड्या दारातून, बाहेरच्या बाकावर, काकू पदराशी चाळा करत बसलेल्या मला दिसत होत्या. एका माणसाच्या लढाईत मायलेकींचं अख्खं आयुष्य पाय आपटण्यात गेलं होतं. मी काकांना म्हटलं, "अजून एकदा आत बसा. बटण हातात घेऊ नका, खुंटीलाच राहू दे. पाचच मिनिटं."

उजव्या कानात पुन्हा सूं भरला. डाव्या हेडफोनची पिन जागेवर लावली. माझ्यापुढे हा छोटा माइक. आधी वाटलं, बडबड्याच्या नावानंच 'संपलं' म्हणावं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटं घालायला जीभ रेटेना. मग दुसरा मार्ग उरला. वाटलं, बोलायला काय जातंय, तीन शब्द तर आहेत.

मी माइकचं डाव्या कानाचं बटण दाबून धरलं आणि हळू आवाजात म्हटलं, "काका, उठा. आता मी ऐकते."

हे काकांना ऐकू जाणं शक्य नव्हतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. एक कान मेलेला, दुसऱ्यात नुसता गोंगाट. पण टेबलावरचा लाल दिवा लागला. एकदाच, लांब... आणि बटण खुंटीवर होतं. काका ताडकन उठून उभे राहिले. हेडफोन काढला, तो नीट खुर्चीवर ठेवला, कुणाच्यातरी हातात द्यावा तसा, आणि दार उघडून बाहेर आले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"शांत झालं," ते म्हणाले. "बाई, शांत झालं हो."

तेवढ्यात बाकावरून काकूंनी विचारलं, "झालं का?" मोठ्यानं नाही, आपण सहज विचारतो तसं. आणि काका वळले आणि म्हणाले, "झालं गं."

काकूंच्या हातातली पिशवी खाली पडली. ती उचलायचं तिघांनाही बराच वेळ सुचलं नाही.

त्यानंतर काकांनी उजव्या कानात कधी कापूस घातला नाही. दर सहा महिन्यांनी दोघं कान तपासायला येतात, नव्या कपड्यांत, सहलीला निघाल्यासारखी. काकू तक्रार करतात, "पूर्वी बरं होतं, मी काही बोलले तरी उत्तर येत नव्हतं." काका म्हणतात, "ही भांडी घासताना गुणगुणते, हे मला लग्नानंतर अडतीस वर्षांनी कळलं, आणि बेसूर गुणगुणते!" मुलीनं फोनवर पहिल्यांदा 'बाबा' म्हटलं, तेव्हा फोन बंद झाल्यावरही काका तो कानाला धरून बसले होते म्हणे. मागच्या वर्षी काकू पुन्हा पडल्या. एक हाक मारली, काका धावले. आज झडप बदलून ठणठणीत आहेत. आपल्या हातून आयुष्यात एक तरी काम नीट झालं, असं मला ते दोघं दिसले की वाटतं.

आणि माझं म्हणाल, तर दुसऱ्याच दिवशी मी डबा खाऊन पेटीत जाऊन बसले. दार लावलं. आधी नेहमीसारखं स्वतःचं रक्त ऐकू आलं. मग त्याच्या मागून... फार लांबून... कट्ट, कडकट्ट. डाव्या कानात.

दार ढकलून बाहेर पळाले, आठ दिवस तिकडे फिरकले नाही. पण शब्द दिला होता ना. शेवटी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ती तारेची भाषा शिकवणारं पुस्तक आणलं आणि बसले. मला तो 'थांब' म्हणाला नाही. काकांशी त्याचं बोलणं अर्धवट राहिलं होतं, माझ्याशी कोरं होतं. काय बोलतो म्हणून सांगू! बूट एक नंबर लहान दिलेत, चहा गार झाला, शेजारचा घोरतो. बडबड्या नाव उगीच नाही ठेवलं. कधी कधी मी पेटीत एकटी खदाखदा हसते. घरी मला हाक मारणारं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे माझ्या ऐकण्यानं कुणाचं अडत नाही. सुखात आहे मी, अगदी खरं सांगते.

एवढंच, की गेल्या महिन्यात मी माझे कान तपासले. आपल्या लोकांनी वर्षातून एकदा तपासावेच. डाव्या कानाची रेघ तिरकी खाली आली, मध्ये एक खळगा, आणि मग काही नाही. मी काकांची फाइल काढली आणि दोन्ही कागद एकावर एक धरून या दिव्यासमोर नेले. रेघ एकच दिसत होती. म्हणून तुम्हाला उजवीकडे बसवलं.

उद्यापासून ही खोली तुमची. चाव्या, फाइली, कपाट, सगळं लिहून दिलंय. हे एवढं मात्र चार्जमध्ये नाही. तो आता माझ्या घरीही येतो, त्याला पेटी लागत नाही. तुम्ही फक्त या माइकवर ते तीन शब्द कधीच...

लाईट आली का? नाही ना, पंखा बंदच आहे. मग हा लाल दिवा... तुम्हालाही दिसतोय ना? बटण बघा, खुंटीलाच आहे. बोलू नका, मला वाचू दे. थोडा... लांब...

हे असं त्यानं मला चार वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. आणि वायरचा वास येतोय का हो तुम्हाला?

मी जरा आत जाऊन बघते. दार लावून घेते, नाहीतर नीट ऐकू यायचं नाही. तुम्ही इथून उठू नका हं.

थांबा. परत बोलते.