फाटकाअलीकडे मरणारी मोटार

"माझ्या गाडीचा रोज सकाळी कोणीतरी खून करतंय," असं म्हणून निंबा नाना चौधरी खुर्चीत बसले.

जळगावात खासगी तपासाची पाटी लावून आधार तायडेंना चार वर्षं झाली होती. ती सगळी लग्नाळू मुलांची माहिती काढण्यात गेली. खून हा पहिलाच. त्यांनी वही उघडली. त्याच खोलीत टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या धनसिंगने आदराने यंत्र थांबवलं.

"रोज म्हणजे?"

"दिवाळीपासून. सहाला चालू करतो, होते. रेल्वे फाटकाच्या अलीकडे मरते. बॅटरी संपेपर्यंत चावी मारतो, मग ढकलत गॅरेजला. दुपारी बघावं तर जिवंत."

"मग दुपारीच निघा की," धनसिंग म्हणाला.

"धुळ्याला जाऊन परत यायचंय. अंधारात मला दिसत नाही, आणि जावयाच्या घरी मी मुक्काम करत नाही."

"धुळ्याला कोण आहे, नाना?" आधाररावांनी विचारलं.

नाना टाइपरायटरकडे बघत राहिले. "मंडळी. दिवाळीत जामनेरला साखरपुडा होता. चार पाहुण्यांत मी बोललो, हिला उतरवलं तर गाडी हलकी पळेल. ती उतरली. एसटीने लेकीकडे गेली. मी म्हटलं, न्यायला येईन तर माझ्याच गाडीने, एकटा." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जावयाची बदली झालीय चंद्रपूरला. उद्या सकाळी सामानाचा ट्रक निघतो. तीही जाणार. घरी चहा अजून दोन कपच होतो. दुसराही मीच पितो."

डिसेंबर अठ्ठ्याऐंशीची ती सकाळ होती, सात वाजले होते. तिघंही चालत नानांच्या घरी गेले.

पांढरी जुनी मोटार आज चालू न करताच दारात गारठून उभी होती. धनसिंगने थेट सायलेन्सरमध्ये हात घातला. केळीच्या मुलखात कोणी केळं कोंबलं असेल, असा त्याचा कयास. केळं निघालं नाही. हात मात्र कोपरापर्यंत काळा झाला, आणि तो हात त्याला पुढे कुठेच ठेवता येईना.

समोरच्या घरच्या आक्काबाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

"आक्का, गाडीला कोणी हात लावताना दिसलं?" आधाररावांनी विचारलं.

"मीच लावला असता. पहाटे धूर सोडतात, धुतलेली चादर काळी होते." त्यांनी धनसिंगच्या हाताकडे पाहिलं आणि चादर जरा लांब सरकवली. "पण नाही बा. लताबाई गेल्यापासून त्या गाडीजवळ कोणी फिरकलेलं नाही. त्या असताना बघायचं होतं. आधी पिशवी बसायची, मग लताबाई."

"मोठी पिशवी?"

"पितळी पानडबा, अडकित्ता, पाण्याची बाटली. दुष्काळ पडला तरी निभलं असतं."

तेवढ्यात नानांनी बोलावलेला मेकॅनिक झुलाल आला. "नाना, मन्हाकडे येस तव्हय बठ्ठं ठीक ऱ्हास," तो अहिराणीत कुरकुरला; त्याच्याकडे येते तेव्हा गाडीचं सगळं ठीक असतं म्हणे. मग तायडेंकडे वळून नीट बोलायला लागला. "प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला. पेट्रोलमध्ये पाणी नाही. आता काय पूजा घालू?"

"काही बदलायचं राहिलं?"

"एक खिट्टी तुटलीय, सात वर्षं झाली. नानाच म्हणाले, चालतंय तर हात लावू नको."

आधारराव नानांच्या शेजारच्या सीटवर बसले. समोर दोन बटणं होती. डावं नव्यासारखं. उजव्याच्या मानेला खोल खाच, आणि खालच्या पत्र्यावरचा रंग एका पट्ट्यात उडालेला.

"चालू करा."

नानांनी उजवं बटण ओढलं, चावी फिरवली. इंजिन धडधडलं. त्यांनी हात काढला. बटण हळूच आत सरकलं. दोन मिनिटांनी गाडी खोकली आणि गेली.

"बघितलंत? मेली."

"नाना, वहिनी असताना वाटेत पहिल्यांदा कुठे थांबायचात?"

"फाटकाला. गाड्या जाईस्तोवर ती पिशवी मांडीवर घेऊन मला विडा करून द्यायची." नाना स्टिअरिंगवर अंगठा घासत राहिले.

आधाररावांनी वही मिटली. "संशयित कोणी नाही."

"मग खून?" धनसिंगने विचारलं. गुन्हेगाराविना खून त्याला पटेना.

"नाना, हे बटण म्हणजे चोक. थंड इंजिनाला पहिली पाच-सात मिनिटं पेट्रोल जास्त लागतं, म्हणून तो ओढून ठेवायचा. ओढलेला चोक अडकवून धरते ती खिट्टी, आणि ती सात वर्षांपूर्वीच तुटली. पण गाडी बंद पडायला लागली ती दिवाळीपासून. मग सात वर्षं चोक धरला कोणी?"

आधाररावांनी उजव्या बटणावर बोट ठेवलं.

"खाच बटणाच्या मानेला आहे. बोटांनी अशी खाच पडत नाही, बंदाने पडते. खालचा रंग पितळी डब्याच्या धक्क्यांनी उडालाय. वहिनी पिशवी या बटणाला अडकवायच्या. फाटकाला विड्यासाठी काढायच्या, तोवर इंजिन गरम. झुलाल गाडी चालू करून बघतो ती दुपारी, बॅटरी भरल्यावर, उन्हात तापलेली. तेव्हा तिला चोक लागतच नाही, मग दोष सापडणार कसा?"

"म्हणजे ती होती म्हणून," नाना म्हणाले. वाक्य तिथेच राहिलं.

"दहा मिनिटांत नवी खिट्टी बसवतो," झुलाल म्हणाला.

"नको," नाना म्हणाले.

आधाररावांनी आक्काबाईंकडून कपड्यांचा लाकडी चिमटा मागून घेतला, ओढलेल्या बटणाच्या दांड्याला लावला. "फाटक ओलांडलं की काढा." आठ वाजता मोटार निघाली आणि फाटकापलीकडे गेली. चिमटा परत मिळणार का, हे आक्काबाईंनी दोनदा विचारलं.

एरंडोल, पारोळा करत नाना अकराला धुळ्यात पोचले. वाटेत त्यांनी माफीची तीन वाक्यं पाठ केली होती. लताबाई दारात आल्या, तेव्हा त्यातलं एकही आठवेना.

"चोकची खिट्टी तुटलीय," ते खिडकीतूनच म्हणाले. "सात वर्षं तुझ्या पिशवीने धरला होता. मला माहीतच नव्हतं."

लताबाईंनी मोटारीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मागे ओट्यावर बांधलेल्या सामानात त्यांची ट्रंक होती.

"आत या."

"नको. इंजिन थंड होईल. मग पुन्हा चोक धरायला तुझी पिशवी लागेल."

लताबाई पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी नानांच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"होऊ द्या थंड," त्या म्हणाल्या.