दोनदा नाही

सरोवराकाठच्या आमच्या डलूथ शहरात घर विकत घेण्याआधी ते माझ्यासारख्या माणसाकडून तपासून घेतात. छप्पर गळतं का, तळघरात ओल आहे का, हे बघायचं आणि कुणाचंही मन न दुखवता सांगायचं. पहिलं काम शिकता येतं. दुसऱ्यासाठी इथंच जन्मावं लागतं.

जानेवारीतली दुपार होती. सरोवर काठाशी गोठलं होतं. टेकडीवरच्या टोलेफसनांच्या घरात कॉफीचा वास आणि बांधलेली खोकी. सॉल्वेगबाईंचा नवरा आयनार पानगळीत गेला; आता घर विकून त्या मुलीकडे निघाल्या होत्या. घर घेणारी मारीटा पोटुशी होती. तिची अट एकच, बैठकीतली गॅसची शेकोटी चालली पाहिजे. बर्फाच्या वादळात वीज गेली की घरात ऊब तेवढीच.

शेकोटी पेटेना.

काचेमागे पायलटची, म्हणजे कायम जळत राहणाऱ्या बारक्या वातीची, निळी ज्योत नीट तेवत होती. गॅसचा कॉक उघडा, तारा घट्ट, मीटरचा काटा जिथे हवा तिथे. मी बटण दाबलं. आतून नुसतं टक्. पुन्हा दाबलं. टक्. कुणीतरी जिभेनं केल्यासारखं.

"नाही म्हणतोय," सॉल्वेगबाई म्हणाल्या.

"कोण?"

"आयनार. लगेच हो म्हटलं तर हावरट दिसतो ना माणूस. तिसऱ्यांदा विचार, व्हर्लिन."

आमच्याकडे पाहुणा कॉफीला दोनदा नको म्हणतो, तिसऱ्यांदा 'केलीच असेल तर अर्धा कप' म्हणतो, आणि दोन कप पितो. ही रीत शेकोट्याही पाळतात, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

तिसऱ्यांदा दाबलं. भप्पकन पेटली.

"सैल जोड," मी मारीटाला सांगितलं.

"आत्ताच घट्ट म्हणालात!"

"घट्टच आहे."

"मग?"

"मग सैल जोड."

आता बंद करून दाखवायची होती. बटण बंद केलं. जाळ तसाच. खाली वाकून गॅसचा कॉक फिरवला. पायलट विझला. जाळ तसाच. नळीला हात लावला, ती थंडगार होती. मी कॉक पुन्हा तपासला, मग माझा चष्मा पुसला. समोरच्या कातडी खुर्चीची गादी मध्ये दबलेली होती. जुन्या खुर्च्या दबतातच.

मारीटानं कोट उचलला. "मला हे घर नको."

सॉल्वेगबाईंच्या हातातली बशी वाजली. "त्याला निघायला फार वेळ लागतो गं," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी बोलावल्याशिवाय जाणार तरी कुठं? मग माझ्याच मागं येतो. असा पाहुणा मागं घेऊन गेले तर मुलगी दारात घेणार नाही मला."

अशा वेळी आम्ही जे करतो तेच केलं. गुडघ्यांवर थाप मारली, "चला, निघावं मग," म्हणालो, उठलो, आणि दाराशी वळून सवयीनं म्हणालो, "या की एकदा आमच्याकडे."

हे आम्ही सगळ्यांना म्हणतो. येत कुणीच नाही, म्हणून तर म्हणतो.

फक्त म्हणताना मी खुर्चीकडे बघत होतो.

गुडघ्यांवर दोन तळहात पडल्याचा आवाज आला.

जाळ गेला.

कॉक उघडून पायलट लावला, बटण दाबलं. पहिल्याच फटक्यात पेटली. दाबलं, विझली. मारीटानं पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं आणि कोट खाली ठेवला.

सॉल्वेगबाई पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांना रुमाल लावला. निघताना त्यांनी लिंबाच्या वड्या बांधून दिल्या.

"एकट्याला इतक्या कशाला?" मी म्हणालो.

त्यांनी पुडीची गाठ आणखी घट्ट केली.

घरी येऊन माझ्या शेकोटीचं बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं. टक्.

तिसऱ्यांदा मी अजून विचारलेलं नाही. कोट घालून बसतो. वड्या संपल्या, एक उरली आहे. शेवटचा तुकडा उचलणं आमच्याकडे असभ्य समजतात. फार तर निम्मा कापून घ्यावा.

रोज सकाळी ती निम्मी झालेली असते. सुरी धुऊन जागेवर ठेवलेली.