कमांडरचा दहावा

भाऊ मेला तरी माझ्या पोटातली आग इझंना, काय सांगू तुमाला! गंगाखेडला, गंगेच्या, म्हंजी गोदावरीच्या, वाळूत, धाकट्याचा, बन्सीधरचा, दहावा होता. फौजेत तो कॅप्टन, मी हवालदार. पुढं नौकरी सोडून जंगलात गेला, बंडखोरांचा कमांडर झाला, अन् हाताखालच्या पोरांसकट गोळ्या खाऊन मेला. मी इमानानं फौज केली, पेन्शनीत आलो. पण मायच्या तोंडी बन्सी, बन्सी अन् बन्सी.

पिंड मांडला. कावळे समोरच्या बाभळीवर गप बसलेले. कावळा शिवल्याबिगर माय घास घेणार नव्हती. बन्सी गेल्यापासून ती निस्त्या चहावर होती.

दिनकरकाकांनी हात जोडले. "बन्सीधरा, मायला सांभाळू..."

कावळा हालंना.

"तुझ्या वाट्याचं रान कुणी घेणार न्हाई बाबा..."

न्हाईच. ऊन चढलं. नदीकडून बारुदीचा वास यायला लागला.

बन्सीला काय पायजे ते मला ठावं होतं. माझा सलाम! तो वर्दीत घरी यायचा, सगळं गाव सलाम ठोकायचं, अन् मी पाठ फिरवायचो. धाकट्याला सलाम करू? मेल्यावरबी ह्याचा रुबाब बघा!

तेवढ्यात माय कलंडली. काकांनी तिला धरलं अन् माझ्याकडं बघून म्हणले, "माऊली... तूच बोल रं काईतरी..."

उठलो. दात खाऊन टाचा जुळवल्या, हात कपाळाला नेला. "जयहिंद, साहेब."

कावळा खाली आला. शिवला.

अन् माझ्या मागं टाचा वाजल्या... एकदम, लय जणांच्या. वाळूत कशा वाजतील टाचा?

मायनं डोळे उघडले. माझ्या खांद्यावरून मागं बघून हसली. मला बघून अशी कधीच हसली नव्हती.

"बन्सीची पोरं आली... पत्रावळ्या मांडा."

"माय, कुणी न्हाई तिथं..."

"सरक तू. दिसू दे मला."

वळून बघितलं. मोकळी वाळू. तिच्यात बुटांचे ठसे, रांगेत, जोडीजोडीनं. आल्याची वाट न्हाई, गेल्याची न्हाई. मधी एका माणसापुरती जागा सोडलेली.

"ती माझ्या माऊलीची," माय लाडानं म्हणली.

जल्मात पहिल्यांदा! माझे पाय तिकडं चालायला लागले, अन् खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटायलं. काकांनी कमरेला मिठी घातली म्हणून थांबलो.

माय आता पोटभर जेवती. पण रोज ताटावरून माझ्याकडं बघती अन् इचारती, "माऊली... तू अजून हितंच?"