मुलीच्या आठव~१

मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी आठवणींची प्रत काढून ठेवणं आता रक्तगट तपासण्याइतकं नेहमीचं झालं होतं. गाठ काढली, की त्या जागी कृत्रिम पेशींची चकती बसवायची आणि ती प्रत तिच्यात उतरवायची. तिला ‘स्मृतिचकती’ म्हणत.

मिरजेच्या एका रुग्णालयात अनघा खरवंडीकर दुपारी शुद्धीवर आल्या. उशाशी धाकटी मुलगी केतकी होती. तिला पाहताच त्या किंचाळल्या.

“तू गेलीस ना गं? चार वर्षं झाली! शाल्मली कुठाय?”

चार वर्षांपूर्वी तापाने गेली होती ती थोरली, शाल्मली.

केतकी धावतच डॉक्टर तबस्सुम मुजावर यांच्याकडे गेली. नोंदी पाहताना डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला.

“आमच्या संगणकावर फाइलचं नाव कितीही लांब चालतं. ‘मुलीच्या आठवणी शाल्मली’, ‘मुलीच्या आठवणी केतकी’. चकतीची प्रणाली जुनी आहे. ती पहिली सहा अक्षरं ठेवते, पुढे नागमोडी रेघ आणि आकडा.”

“म्हणजे दोघींचं नाव एकच?”

“आकडा तेवढा वेगळा. आधी पोचेल ती फाइल एक, नंतरची दोन. प्रत काढताना शाल्मली एक होती. परत भरताना तुमची फाइल आधी पोचली. चेहरे मात्र जुन्याच आकड्यांना जोडलेले राहिले. म्हणून तुमच्या चेहऱ्याला शाल्मलीच्या आठवणी लागल्या, तिच्या चेहऱ्याला तुमच्या.”

“मग बदला ना आकडे!”

“दहा मिनिटांचं काम आहे. पण संध्याकाळी सहाच्या आत. नंतर पेशी ते जोड पक्के करतात. आणि पेशंट शुद्धीवर असला, की त्याचीच सही लागते.”

डॉक्टरांनी अनघाताईंना सगळं दोनदा समजावलं. त्या केतकीचा हात बोटाबोटाने चाचपत ऐकत राहिल्या.

“म्हणजे ही आहे.”

“हो.”

“आणि मी सही केली, की शाल्मली नसेल.”

“ती नाहीच आहे, आई,” केतकी म्हणाली. “तू सोसलंयस ते एकदा.”

“मला नाही आठवत. काल संध्याकाळी तिने मला पेज भरवली.”

पेज केतकीने भरवली होती.

सहाला दहा मिनिटं कमी होती. अनघाताईंनी कागद बाजूला सारला आणि पेन केतकीच्या हातात दिलं.

“शाल्मलीला येऊ दे. तिला न विचारता कशी सही करू मी?”